सरदारच्या आईचं नाव

वळूच्या पोटाखाली हात घालून डॉक्टर किनखेडे सड मोजत होते. अंबादासनं वेसण आखूड धरली होती आणि दुसऱ्या हातानं तो सरदारच्या गळ्याची पोळी खाजवत होता. अकरा वर्षांचा दांडगा वळू, पण गळ्याखाली खाजवलं की वासरासारखी मान लांब करायचा. मागं उभ्या असलेल्या गवळ्यांमध्ये खसखस पिकली होती. नागपूरहून साहेब आला आणि गाई सोडून वळूचे सड चाचपायला लागला! त्रिपुरीला काँग्रेस भरली तेव्हापासून एवढी करमणूक त्या गोठ्यात झाली नव्हती, आणि त्या गोष्टीलाही आता वर्ष उलटलं होतं.

"हसू द्या त्यांना," डॉक्टर हात पुसत उठले. "चार आहेत, अंतर राखून आहेत, चौकोनात आहेत. हे त्याला आईकडून आलंय आणि तो लेकींना देतो. मधल्यामधे त्याला स्वतःला उपयोग शून्य."

डॉक्टर जनावरांच्या सरकारी खात्यातले होते. मध्य प्रांतात जेवढे म्हणून गवळाऊ जातीचे चांगले कळप उरले होते त्यांची वंशावळ छापायचं खात्यानं मनावर घेतलं होतं, आणि त्या कामासाठी ते गावोगाव हिंडत होते. हा कळप भय्यासाहेबांचा. भय्यासाहेबांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आले आणि मालगुजार होऊन राहिले. त्यांचं बिऱ्हाड राइट टाउनात, गुरं मात्र तिलवाऱ्याच्या वाटेवर, नर्मदेच्या अलीकडे. पांढऱ्या गाई त्यांनी वर्ध्याकडून, आर्वीच्या बाजूनं आणवल्या होत्या. त्या गाईंबरोबर बाविशीतला अंबादास आला तो गोठ्याचा कारभारी होऊन इथंच राहिला. गुरांबरोबर आला आणि गुरांसारखाच राहिला, असं तो स्वतःच म्हणायचा. ते ऐकून हसणारं मात्र घरात बऱ्याच वर्षांत कोणी नव्हतं.

सरदारला बांधून दोघं पडवीत बसले. डॉक्टरांनी दुधाच्या वह्या मागितल्या. अंबादासनं पंधरा वर्षांच्या वह्या पुढ्यात ठेवल्या. त्या वह्यांचा त्याला अभिमान होता. कोणत्या गाईनं कोणत्या महिन्यात किती शेर दूध दिलं, कधी व्याली, कधी आटली, सगळं त्याच्या मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात. डॉक्टर पानं उलटत गेले आणि एका कागदावर काहीतरी उतरवत गेले. मधेच ते म्हणाले की वळूची परीक्षा ही जगातली सगळ्यात उशिरा लागणारी परीक्षा आहे. वळू स्वतः दूध देत नाही, त्याचं दूध त्याच्या लेकी देतात; आणि लेकी दुधात येईस्तोवर पाच-सहा वर्षं जातात. तोवर वळू एक तर म्हातारा झालेला असतो, नाही तर बडवून, बैल करून कोणाच्या गाड्याला जुंपलेला. म्हणून आधी त्याची आई बघायची. वळू म्हणजे अर्धा कळप, हे सगळे म्हणतात. उरलेला अर्धा कोणी मोजत नाही.

तासाभरानं त्यांनी कागद अंबादासकडे फिरवला.

सरदारच्या चौदा लेकी दुधात होत्या. त्यांच्या आया अगदी साध्या, तीन शेर, साडेतीन शेर देणाऱ्या. लेकी मात्र सहा, साडेसहा, एक तर सात शेरांवर. एकही आईच्या खाली नाही. म्हणजे हे देणं सरदारचं. इथवर सगळं ठीक होतं. पण सरदारला ते कोणी दिलं? त्याच्या बापाच्या, म्हाताऱ्या हरण्याच्या इतर लेकी चार शेरांपुढं गेल्या नव्हत्या. आणि आई गंगा. गंगा आठ शेर द्यायची, जबलपुरात तिचं नाव होतं, लोक तिला बघायला टांगा करून यायचे. पण गंगेच्या दोन लेकी याच गोठ्यात होत्या, आणि दोघी तीन शेरांच्या.

"खाण तशी माती म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "इथं तर खाण सोन्याची आणि माती शेणाची. गंगेचं दूध गंगेबरोबर गेलं. पोटच्या लेकींना तिनं दिलं नाही आणि मुलाला तेवढं सगळं दिलं, असं होऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, हे मला कळल्याशिवाय झोप येत नाही. एक तर ही देवाची करणी, नाही तर अंबादासजी, तुमच्या वहीत कुठंतरी चूक आहे."

"वही मीच लिहितो," अंबादास म्हणाला.

"म्हणूनच तुम्हाला विचारतो."

अंबादासनं वह्या मांडीवर ओढून घेतल्या. डॉक्टरांनी कागदाची घडी केली. परवा सकाळी भय्यासाहेबांच्या घरी फॉर्म भरायचा, मालकाची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूर गाठायचं, असा त्यांचा बेत होता. एकदा छापलं की ते छापलं, ते जाता जाता म्हणाले; मग चहूकडून लोक गंगेचा वंश शोधत येतील.

चोराच्या मनात चांदणं. डॉक्टरांचा टांगा दिसेनासा झाला तरी अंबादास वह्या मांडीवर घेऊन तिथंच बसला होता.

चूक वहीत नव्हती. वहीत थाप होती, आणि ती एकच होती.

अकरा वर्षांपूर्वीच्या माघात गंगा सांजेला व्याली. गोऱ्हा झाला. दुसऱ्या सकाळी भय्यासाहेब पाहुण्यांना घेऊन वासरू दाखवायला यायचे होते. ते शेणामुतात लोळू नये, स्वच्छ दिसावं, अशा हुशारीनं अंबादासनं त्याला आईपासून वेगळं, आखूड दाव्यानं खुंट्याला बांधलं. एका दिवसाच्या वासराला कोणी बांधत नाही. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण मालकासमोर मिरवायचं म्हटलं की कळतं तेही कळेनासं होतं. पहाटे पाहतो तर दाव्याचा फास बसून वासरू गेलेलं. भय्यासाहेबांनी त्याच्या आदल्याच वर्षी घोडी लंगडी झाली म्हणून जुन्या मोतद्दाराला बायकापोरांसकट हाकललं होतं. आता पाळी आपली, हे अंबादासनं ओळखलं.

आणि त्याच पहाटे त्याच्या घराच्या परसात भुरी व्याली. भुरी भय्यासाहेबांची नव्हे. ती अंबादासच्या बायकोची, सत्यवतीची. लग्नात तिच्या बापानं शहपुऱ्याहून आंदण दिलेली. मूलबाळ नव्हतं, तेव्हा सत्यवतीचा सगळा जीव त्या गाईत. भुरीलाही गोऱ्हा झाला, तोही हरण्याचाच. सत्यवती माघस्नानाला तिलवाऱ्याच्या घाटावर गेली होती. गोठ्यातला म्हातारा गवळी नथ्थू म्हणाला, बाबूजी, खाल ओढ़ा देते हैं. मेलेल्या वासराचं कातडं दुसऱ्याच्या पाठीवर बांधायचं, की गाय वास घेते, चाटते आणि आपलं म्हणते. तान्ह्या वासराची आई मेली की गवळी हे करतातच. त्यात पाप नाही. पण इथं आई मेली नव्हती. ती भिंतीपलीकडे उभी होती आणि तिनं आपलं वासरू अजून पुरतं चाटलंही नव्हतं.

गंगेनं वास घेतला, चाटलं, पान्हा सोडला. पाहुणे आले, वाहवा करून गेले. अंबादासनं वहीत लिहिलं: गंगा, गोऱ्हा. नथ्थूला नर्मदामैय्याची शपथ घातली. सत्यवती ओल्या लुगड्यानं, तांब्यात नर्मदेचं पाणी घेऊन परत आली तेव्हा त्यानं सांगितलं की भुरीचं मेलेलंच निपजलं.

तिनं काही विचारलं नाही. पण भुरी परसातून हंबरायची आणि गोठ्यातून वासरू ओ द्यायचं. गाईंना खोटं बोलता येत नाही, ही त्यांची मोठी खोड आहे. चार दिवसांनी कातडं काढून टाकलं, तरी भुरी थांबेना. आठव्या दिवशी सत्यवतीनं तिचं दावं सोडलं, एका गाठोड्यात दोन लुगडी बांधली आणि पदर खोचला. भांडण नाही, रडणं नाही. दारात उभी राहून ती एवढंच बोलली:

"ज्या दिवशी चारचौघांत त्याच्या आईचं नाव खरं सांगाल, त्या दिवशी मले न्यायले या. तोवर येऊ नका."

आणि गाय घेऊन पायी शहपुऱ्याला, भावाकडे निघून गेली.

चार दिवसांत येईल, असं त्याला वाटलं होतं. मग वाटलं, पोळ्याला येईल. लोक विचारायचे, वहिनी कुठं आहेत? तो सांगायचा, सासूबाई आजारी आहेत. दोन वर्षं सासूबाईंच्या आजारावर निभावलं. मग त्या खरोखरच वारल्या, आणि अंबादासला दुःखापेक्षा अडचण जास्त झाली, कारण आता सांगायला कारण उरलं नाही. पुढं लोकांनीच विचारायचं सोडलं. दर संक्रांतीला तो शहपुऱ्याला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती तिळगुळाचा डबा पाठवायचा. डबा परत यायचा, लख्ख घासलेला आणि रिकामा. आपल्यात कोणी कोणाचा डबा रिकामा पाठवत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालतात. दर वर्षी तो डबा उघडून बघायचा आणि फळीवर ठेवून द्यायचा.

एक वाक्य बोलायचं होतं. पण जसा सरदार वाढत गेला तसं ते वाक्य जड होत गेलं. सरदारला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. भय्यासाहेबांनी त्याच्या शिंगांना पितळी शेंब्या केल्या आणि 'गंगेचा सरदार' म्हणून त्याचा फोटो दिवाणखान्यात लावला. बोललो तर नोकरी जाईल, खोली जाईल, पन्नाशीत कुठं जायचं? शिवाय भुरी ती काय गाय! साडेतीन शेरांची. हे तो स्वतःला बजावायचा आणि त्यानं बरं वाटायचं.

त्या दिवशी सांजेच्या धारांना तो नेहमीप्रमाणे गोठ्यात उतरला. सरदारची एक लेक, चांदी नावाची; तिला धार काढायला त्याचाच हात लागायचा. वासरू सोडलं, पान्हा फुटला, त्यानं वासरू ओढून बांधलं आणि चारी सड रिकामे करायला बसला. भय्यासाहेबांच्या गोठ्यात तशीच रीत होती. वासराला मागाहून जे सुटेल ते. बादली अर्धी झाली तेव्हा त्याचा हात थांबला.

सत्यवती भुरीचे चारी सड कधी काढायची नाही. उजवे दोन आपले, डावे दोन वासराचे, असा तिच्या माहेरचा दंडक होता. अंबादास तिला चिडवायचा, तुझ्या बापानं अर्धीच गाय दिली म्हणून. ती म्हणायची, अर्धी तर अर्धी, वासरू तर पुरं आहे. वहीत दूध मोजून लिहिणाऱ्या, पाव शेराचा हिशेब न चुकवणाऱ्या त्या माणसानं बायकोच्या गाईचं दूध साडेतीन शेर धरलं होतं, ते दोन सडांचं होतं. पंधरा वर्षांत त्याला त्याची दुप्पट करायचं सुचलं नव्हतं.

म्हणजे भुरी सात शेरांची गाय होती. गंगेच्या तोडीची. तिच्यासाठी टांगा करून कोणी आलं नाही, कारण तिचं अर्धं दूध कोणाला दिसलंच नाही. आणि चौदा लेकी आज तेच देत होत्या.

चांदीनं मान वळवून पाहिलं, हा बसून का राहिला म्हणून. अंबादासला रडू आलं. गोठ्यात कोणी नव्हतं, त्यानं ते येऊ दिलं, मग धार पुरी केली.

ठरलेल्या दिवशी सकाळी तो वह्या कापडात बांधून पायी राइट टाउनला गेला. दाढी केली होती, धुतलेलं धोतर नेसला होता. जाताना त्यानं खोलीतल्या भांड्यांवर नजर टाकली, बांधायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेतला. भय्यासाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीवर होते. डॉक्टर टेबलाशी फॉर्म मांडून बसले होते, आणि पाटणकडचे दोन मालगुजार पाहुणे चहा घेत होते. चारचौघं म्हणाल तर बरोबर चारच.

डॉक्टर वाचत होते आणि भरत होते. वळूचं नाव, सरदार. रंग, पांढरा. बाप, हरण्या. मग त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि अंबादासकडे पाहिलं.

"आई?"

"गंगा," भय्यासाहेब म्हणाले. "हे काय विचारायचं?"

"गंगा नव्हे," अंबादास म्हणाला.

आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला. मग तो थांबला नाही. दावं आखूड बांधल्यापासून कातडं पांघरवण्यापर्यंत सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. भुरी कोणाची, तिचं वासरू कोणाखाली सोडलं, बायकोला काय सांगितलं, वहीत काय लिहिलं, काही राखून ठेवलं नाही. पाहुण्यांच्या कपांतला चहा निवला. डॉक्टर मात्र खुर्चीत पुढं सरकत गेले आणि मधेच त्यांनी, भुरी किती दूध द्यायची, असं विचारलं. दोन सडांचं साडेतीन, असं अंबादासनं सांगितल्यावर त्यांनी टेबलावर हात मारला. ते लहान मुलासारखे खूश झाले होते. पोहऱ्यातलं पाणी कुठल्या आडातलं, ते त्यांना सापडलं होतं.

अंबादास भय्यासाहेबांकडे बघत होता. त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला केली आणि ते हसले.

"अरे भैया, एवढंच ना? मला ठाऊक आहे हे."

अंबादासला समजलं नाही.

"नथ्थूनं तिसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं. पाय धरून रडला बिचारा, शपथ मोडली म्हणून." भय्यासाहेब पाहुण्यांकडे वळले. "मी म्हटलं, चलो, गोऱ्हा देखणा आहे, गंगा पान्हावली आहे, कोणाचं काय बिघडलं? तू बोलला नाहीस, मीही बोललो नाही."

"मले काढलं असतं ना तुम्ही?" अंबादास म्हणाला. "मोतद्दाराले काढलं तसं."

"मोतद्दार दारू प्यायचा. तुला काहून काढू? तुझ्यासारखा माणूस मला मिळाला असता का?"

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की अंबादासला खाली बसावंसं वाटलं; पण मालकांसमोर बसायची रीत नव्हती, म्हणून तो उभाच राहिला.

पुढचं फारसं त्याच्या कानांवर पडलं नाही. डॉक्टर म्हणत होते की मग भुरी लिहायला हवं. भय्यासाहेब म्हणत होते, गंगाच लिहा; गंगेला जिल्हा ओळखतो, भुरीला कोण ओळखतं, कारभाऱ्याच्या परसातली गाय. कळप माझा आहे. डॉक्टर सरळ माणूस होते, पण सहीशिवाय फॉर्म जात नव्हता. ते बराच वेळ टाक हातात धरून बसले. मालक एक नाव सांगतात, कारभारी दुसरं. खोटं मला लिहिता येत नाही आणि खरं तुम्ही लिहू देत नाही, असं म्हणून अखेर त्यांनी आईच्या रकान्यात 'अज्ञात' असं लिहिलं. भय्यासाहेबांनी तोंड वाकडं करून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं अंबादास शहपुऱ्याला गेला. भिटौनीच्या स्टेशनावर उतरून गावापर्यंत चालला. अकरा वर्षांत ही वाट त्यानं मनातल्या मनात इतक्यांदा चालली होती की कुठं वळायचं हे कोणाला विचारावं लागलं नाही. सत्यवतीचा भाऊ पुंडलिक शेतावर गेला होता. अंगणात ती एकटीच होती, सुपात तूर पाखडत बसलेली. केस पिकले होते, कपाळावरचं कुंकू मात्र पहिल्याएवढंच ठसठशीत. बाजूला तीन पांढऱ्या गाई बांधलेल्या होत्या. बायको अकरा वर्षांनी समोर दिसली आणि याची नजर आधी गाईंच्या कासेकडे गेली. धंद्याची खोड, दुसरं काय. मग तो शरमला.

"या," ती म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसली.

तो ओट्याच्या कडेवर टेकला. पाणी प्याला.

"सांगितलं," तो म्हणाला.

सूप थांबलं.

"कोणाले?"

"भय्यासाहेबांले. नागपूरचे डॉक्टर होते समोर, आणखी दोघं पाहुणे होते. सरदार भुरीचा आहे, तुझ्या भुरीचा, मी तिच्यापासून तोडला, सारं सांगितलं."

ती सुपातल्या तुरीकडे बघत होती. मग तिनं विचारलं की वहीत तसं लिहिलं का. त्यानं जे झालं ते सांगितलं; गंगा लिहू दिलं नाही, भुरी लिहिलं नाही, अज्ञात लिहिलं. तिनं तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"लिहिणं तुमच्या हातात नव्हतं," ती म्हणाली. "सांगणं होतं. ते केलं तुम्ही."

तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले आणि उठली.

"बसा. येतोच मी."

ती आत गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दोन बायकांचं हलकं बोलणं, आणि पुंडलिकच्या बायकोनं दारातून डोकावून, अंबादासला पाहून, डोक्यावरचा पदर सारखा केला. ती हसत होती. अंबादास ओट्यावर बसून मनातल्या मनात खोली आवरायला लागला. चुलीमागची फळी तिची. तिथं त्याचे विडीचे बंडल पडले होते, ते काढायला हवे. परसातली गाईची जागा पडीक आहे, ती सारवून घ्यायला हवी. दोघांना मिळून सांजेपर्यंत पोचता येईल. त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याचीच त्याला भीती वाटली.

ती दारात आली तेव्हा तिच्या काखेत गाठोडं होतं.

"आता राहायचं कोठं पण?" तिनं विचारलं. "खोली काढून घेतली असंल त्यांनी."

"नाई. खोली आहे."

"अन् नोकरी?"

"तेही आहे."

"काहून? रागावले नाई भय्यासाहेब?"

थाप जिभेवर तयार होती. रागावले, फार रागावले, पण जुना माणूस म्हणून माफ केलं. एवढं म्हटलं असतं की झालं होतं. पुंडलिकच्या बायकोनं कुंकू लावून दोघांना वाटेला लावलं असतं. पण त्याच्या आयुष्यात आता आणखी एक थाप सांभाळायची ताकद नव्हती.

"त्यांले माहीतच होतं," अंबादास म्हणाला. "नथ्थूनं तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. ते काही बोलले नसते मले. तेव्हाही बोलले नसते."

सत्यवती उंबऱ्यात उभी राहिली. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"मले वाटे," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या मानेवर सुरी आहे, म्हणून बोलत नाई. भाऊ काही बोले, भावजय काही बोले, मी मनात तेच धरून बसले होते. त्याच्यावर काढले मी इतके दिवस."

तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे काहीच नव्हतं."

"नव्हतं," अंबादास म्हणाला.

तिनं काखेतलं गाठोडं आत, दाराआड ठेवलं. मग ती अंगणात आली, सूप उचललं आणि त्यात राहिलेली तूर डब्यात ओतली. बराच वेळ ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. वळली तेव्हा तिचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

"जेवून जा," ती म्हणाली. "सांजची पॅसेंजर सापडते."

अंबादास बरं म्हणाला आणि हातपाय धुवायला विहिरीकडे गेला.